एका तसबिरीसाठी आठ तास द्या

प्रति,
नाट्यगृह विभाग,
मराठवाड्यातील सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा

विषय : जुनी संगीत नाटकं करणाऱ्या स्थानिक मंडळांना प्रयोगाआधी मंच, दिवे आणि ध्वनियंत्रणेसह तालमीचं सत्र मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

मराठवाड्यातल्या एखाद्या हौशी मंडळाने ‘संगीत संशयकल्लोळ’ करायला घेतलं की पहिला अर्ज तुमच्याकडे येतो. तारीख मिळते, अनामत भरली जाते, आणि मंच हातात पडतो तो फक्त प्रयोगाच्या सत्रापुरता. त्यातले पहिले दोन-अडीच तास सेट लावण्यात जातात. दिवे फिरवायला जेमतेम अर्धा तास उरतो आणि ध्वनीची चाचणी होते ती प्रेक्षक आत येऊन बसत असताना. दोन पात्रांचं, एका खोलीत घडणारं नाटक एवढ्या वेळात कसंबसं उभं राहतं. ‘संशयकल्लोळ’ राहत नाही. ते का, आणि त्यासाठी नेमकं काय लागतं, हे सांगायला हे पत्र लिहीत आहोत. आम्ही नेपथ्य, प्रकाश, ध्वनी आणि रंगमंच व्यवस्था सांभाळणारी माणसं आहोत, त्यामुळे बोलणं मापांचं आणि वेळेचं असेल.

मागणी एकच आहे. प्रयोगाच्या आदल्या दिवशी, किंवा प्रयोग रात्रीचा असेल तर त्याच दिवशी सकाळपासून, सलग आठ तास मंच द्या. दिवे आणि ध्वनी चालू ठेवून द्या. आणि त्याचं भाडं प्रयोगाच्या दराने लावू नका, तालमीच्या दराने लावा.

‘संशयकल्लोळ’चंच नाव घेण्याला कारण आहे. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यामुळे मूळ संहितेवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही. नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचं तेवढं पाहावं लागतं, आणि अलीकडच्या कुणा संपादकाची रंगावृत्ती (प्रयोगासाठी बेतलेली संहिता) घेतली तर तिची परवानगी वेगळी. हाताशी पैसा थोडा असलेल्या मंडळाला हे नाटक परवडतं. शिवाय ते पिढ्यान्‌पिढ्या घासून तयार झालेलं आहे. मोलिएरचं ‘स्गानारेल’ १६६० चं, त्यावरून आर्थर मर्फीचं ‘ऑल इन द राँग’ १७६१ चं, त्यावरून देवलांचं गद्य ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ १८९३ चं, आणि त्यालाच पदं घालून १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेलं ‘संशयकल्लोळ’. एवढ्या प्रवासात जे टिकलं ते कथानकाचं यंत्र, आणि त्या यंत्राचा खिळा म्हणजे एक तसबीर.

रेवती फाल्गुनरावाच्या घरापाशी घेरी येऊन पडते. फाल्गुनराव तिला सावरतो. खिडकीतून त्याची बायको कृत्तिका हे पाहते आणि तिच्या मनात संशय शिरतो. या गडबडीत रेवतीजवळची, तिच्या प्रियकराची म्हणजे अश्विनशेटची तसबीर तिथेच पडते. ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती निरखून पाहत असतानाच फाल्गुनराव मागे येऊन ठेपतो, आणि आता संशय त्याच्या डोक्यात. तसबीर त्याच्याकडे जाते. पुढे अश्विनशेट आपण रेवतीला दिलेली तसबीर परक्याच्या हातात बघतो आणि तोही पेटतो. फाल्गुनरावाचा नोकर भादव्या दोन्हीकडे तेल ओततो ते वेगळंच. प्रत्येक पात्राने अर्धं पाहिलेलं असतं आणि प्रेक्षकाने पूर्ण पाहिलेलं असतं, म्हणून प्रेक्षक हसतो. ज्या खुर्चीवरून तसबीर पडताना दिसली नाही, त्या खुर्चीवरचा माणूस पुढचे दोन तास शेजाऱ्याला विचारत बसतो.

आता ही तसबीर जमिनीवर पडते तेव्हा काय होतं ते मापाने पाहा. मंचाची उंची साधारण तीन ते साडेतीन फूट. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून चार फुटांच्या आसपास. म्हणजे पुढच्या सपाट रांगांतला प्रेक्षक मंचाच्या फळ्यांकडे जेमतेम सहा इंच ते फूटभर उंचीवरून बघतो. मंचावर दहा फूट आत आडवी पडलेली तसबीर त्याला रेघेसारखी दिसते, किंवा दिसतच नाही. बाल्कनीतून मात्र ती स्वच्छ दिसते. तालीम शाळेच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या गच्चीवर होते, तिथे दिग्दर्शक उभा असतो. त्याला ती कायम दिसत आलेली असते, म्हणून हा दोष प्रयोगापर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

उपाय साधा आहे, पण तो तुमच्याच मंचावर बसवावा लागतो. फाल्गुनरावाच्या घराला जोतं द्यायचं आणि पुढे सात इंचांची एक पायरी. तसबीर पायरीच्या उभ्या बाजूला टेकून तिरकी थांबेल अशी पाडायची. चौकटीसकट माप पाच बाय सात इंच. पोस्टकार्डाएवढी केली तर शेवटच्या रांगेतून ती कागदाचा कपटा वाटते, आणि आठ बाय दहाची पदरात मावत नाही. काच बसवायची नाही, कारण काच स्पॉटचा झोत थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांत फेकते, आणि फुटली तर अनवाणी पात्रांच्या पायाखाली येते. पाठीला पुठ्ठा न लावता तीन मिलिमीटर प्लायवूड लावायचं, म्हणजे पडल्याचा ‘टक्’ आवाज येतो आणि ज्याची नजर दुसरीकडे आहे तोही वळून बघतो. चौकट सोनेरी करायचा मोह होतो. तपकिरी फळ्यांवर, पिवळट उन्हाच्या प्रकाशात सोनेरी चौकट विरून जाते. आत अर्धा इंच पांढरा काठ सोडला की ती उठून दिसते.

रेवतीने तसबीर कमरेच्या उंचीवरून सोडली तर ती उसळून भलतीकडे जाते. आधी गुडघे टेकावेत, मग फूट-दीड फुटावरून ती हातातून घसरावी. पायरी, हात आणि झोत या तिघांची गाठ एका ठिकाणी पडेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं. जागा मंचावर टेपने आखून घेतात, आणि ती आखणी त्याच मंचावर, त्याच दिव्यांखाली झाली तरच कामाची. तशीच दुसरी एक तसबीर विंगेतल्या प्रॉपर्टीच्या (नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या) टेबलावर ठेवायची, टेबलावर तिचा आकार खडूने काढून, म्हणजे जागा रिकामी दिसली की रंगमंच व्यवस्थापकाला लगेच कळतं.

तसबिरीत चित्र कुणाचं, हाही प्रश्न सुटलेला असावा लागतो. अश्विनशेटचं काम करणाऱ्या नटाचा फोटो, त्याच पगडीत आणि त्याच उपरण्यात, प्रयोगाच्या रंगभूषेत काढलेला हवा. पात्रांची आपसात गल्लत व्हावी, प्रेक्षकांची होऊ नये. म्हणून पगडीचे रंग आधी ठरवून मगच कपडे शिवायला टाकावेत. अश्विनशेटला आपल्या छत्रपती संभाजीनगरचा हिमरू शोभतो. सुती-रेशमी विणीची ती वेलबुट्टी दिव्याखाली भडक न होता उठते. तेवढा एक तुकडा तसबिरीत आणि अंगावर सारखा दिसला की मागच्या रांगेतल्या माणसालाही कोण कोणाचा हे कळतं.

खिडकीकडे वळू. कृत्तिका वर दिसायला हवी म्हणून बरीच मंडळं आठ फुटांची लेव्हल (लाकडी चौथरा) मागतात. नाट्यगृहाला बाल्कनी असेल तर बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांना तिच्या कडेमुळे सेटचा वरचा भाग दिसत नाही, आणि कृत्तिकेचं डोकं गायब होतं. चार फुटांची लेव्हल पुरते. वर चढायला आठ इंचांचे सहा चढ आणि एका बाजूला धरायला कठडा, कारण नऊवारी नेसून अंधारात घाईने चढायचं असतं. चार बाय आठची लेव्हल खिळ्यांनी जोडली तर दुसऱ्या अंकापर्यंत कुरकुरते. बोल्ट आणि चपट्या वॉशरने आवळली तर गप्प राहते. खिडकीची चौकट छातीपर्यंतच ठेवावी, म्हणजे चेहरा आणि हात दोन्ही दिसतात. कृत्तिकेचं अर्धं काम हातांचं आहे.

मंचावर खिळे ठोकायचे नाहीत हा तुमचा नियम आम्हाला पूर्ण मान्य आहे. फळ्या वर्षानुवर्षं टिकायच्या तर तो हवाच. पण मग फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) उभे धरायला ब्रेसवर, म्हणजे त्यांच्या मागच्या तिरक्या टेकूंवर, ठेवायची वजनं लागतात, प्रत्येकी दहा-बारा किलोची. या सेटला किमान बारा. फाल्गुनराव रागाने दार लावतो तेव्हा आख्खी भिंत थरथरली तर तो प्रवेश तिथेच पडतो. दाराच्या बिजागऱ्या प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूला हव्यात आणि दार सेटच्या बाहेर उघडणारं हवं, नाहीतर उघडलेली फळी पात्रालाच झाकते. ही वजनं प्रत्येक नाट्यगृहाने ठेवली तर नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला अडीचशे किलोमीटरच्या वर ती टेम्पोत वाहून न्यावी लागणार नाहीत.

मागची वाट हा छोटा मुद्दा, पण अडतो इथेच. या नाटकात एक पात्र डावीकडे जातं आणि लगेच उजवीकडून येतं. मागचा पांढरा पडदा भिंतीला चिकटून टांगलेला असेल तर पात्राला इमारतीला वळसा घालून यावं लागतं, पावसाळ्यात भिजत. पडद्यामागे तीन फूट जागा सोडा, आणि तिथे मोडक्या खुर्च्या, जुने बॅनर आणि पोडियम ठेवू नका. एवढं पुरे.

विजेचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. घेरीचा प्रवेश भर उन्हातला. रेवतीला घेरी येते ती त्या उन्हामुळे पटायला हवी, आणि मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला ऊन कसं दिसतं ते सांगावं लागत नाही. त्याच वेळी खिडकीत सावली हवी, पण चेहरा हरवू द्यायचा नाही. हजार वॅटचे चोवीस दिवे धरले तर भार चोवीस किलोवॅट. २३० व्होल्टवर तो १०४ अँपिअरच्या आसपास जातो, दोन फेजवर सारखा वाटला तर फेजला सुमारे ५२. सभागृहाचा एसी आणि निम्मे डिमर (दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रं) एकाच फेजवर असले की अंक सुरू होऊन वीस मिनिटांनी, केबल तापल्यावर, फ्यूज जातो. ध्वनीची लाइन डिमरच्या फेजवर असेल तर दिवे मंद केल्याबरोबर स्पीकरमधून भुणभुण सुरू होते, नेमकी हळव्या पदाच्या वेळी. तीन फेज, तीन कामं : दिवे दोन फेजवर, ध्वनी तिसऱ्यावर, आणि एसीची लाइन पूर्ण वेगळी. तुमच्या विद्युत विभागाच्या माणसाला हे एका दुपारचं काम आहे. वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंतचा अंधार प्रेक्षक समजून घेतो. पण प्रकाशाचा डिजिटल कन्सोल बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि जनरेटर लागूनही मंच काळाच राहतो. कन्सोलला छोटा यूपीएस जोडला की हा प्रश्न मिटतो. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे मंडळाने पडदा वर जायच्या वेळी विचारायची पाळी येऊ नये.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो आवाज. एरवीच्या नाटकात संवाद ऐकू आले की झालं. इथे प्रत्येक पात्र दोन आवाजांत बोलतं : समोरच्याशी एक आणि प्रेक्षकांकडे वळून दुसरं. ते दुसरं, हळू आवाजातलं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं नाही तर विनोद निम्म्यावर येतो. मंचाच्या पुढच्या कडेला आठ-दहा फुटांवर एक असे तीन-चार माइक ठेवले तर ते भागतं, पण ते थेट लाकडावर ठेवले की पावलांचे धडाधड आवाज उचलतात. खाली इंचभर फोम घालायचा. कॉलर माइक लावायचे तर नऊवारीच्या पदराची सळसळ, ठुशी आणि मंगळसूत्र सगळं बोलू लागतं. स्त्रीपात्राच्या माइकची जागा कपाळाच्या वर केसांच्या रेषेत, पुरुषाची पगडीच्या पुढच्या कडेला. सेल प्रयोगाच्या आधी नवे घालायचे, मध्यंतराची वाट बघायची नाही. बिनतारी माइकची वारंवारिता शेजारच्या मंगल कार्यालयातल्या माइकशी जुळली तर तिथल्या घोषणा आपल्या स्पीकरमधून येतात. लग्नसराईत हे तपासावंच लागतं, आणि तपासायचं तर संध्याकाळी, तिथे माइक चालू असताना. सभागृहातले पंखे पूर्ण वेगाने फिरत असतील तर या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. एसी बंद ठेवून पंखे लावण्याची काटकसर या एका प्रयोगापुरती करू नका, ही आमची हात जोडून विनंती आहे.

आणि संगीत. ऑर्गन आणि तबला यांची जागा मंचासमोरच्या खड्ड्यात असते. गाणारं पात्र तबलजीचा हात बघू शकतं आणि तबलजी त्याचा श्वास बघू शकतो, म्हणून ती जागा. हा खड्डा बऱ्याच ठिकाणी फळ्यांनी झाकून वर खुर्च्या मांडलेल्या असतात. त्या फळ्या काढायची परवानगी द्या. ती न मिळाल्यास साथीदार विंगेत बसतात. तीस फुटांवरून ठोका गायकाच्या कानी पोचायला सेकंदाचा साधारण चाळिसावा भाग लागतो, आणि लय वाढली की गायक आणि तबला दोघेही एकमेकांची वाट बघत रेंगाळू लागतात. अशा वेळी गायकाजवळ छोटा मॉनिटर स्पीकर ठेवावा लागतो, आणि तो माइकमध्ये घुसून शिट्टी वाजवणार नाही असा कोन शोधण्यात अर्धा तास जातो.

पुरुषपात्रं साधारण काळी एक-दोनमध्ये (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून धरलेल्या सुरात) गातात, स्त्रीपात्रं काळी चार-पाचमध्ये. दोन पदांच्या मध्ये तबला उतरवून-चढवून भागत नाही, दोन्ही सुरांचे तबले लावून तयार ठेवावे लागतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणते आणि सूर चढतो, पावसाळी हवेत उतरतो. बाहेरच्या चाळीस अंशांतून आणलेला तबला थंड सभागृहात लगेच लावला तर तासाभरात पुन्हा लावावा लागतो. म्हणून वाद्यं निदान दोन तास आधी आत येऊन स्थिरावली पाहिजेत. प्रयोगाच्या सत्रात मंच मिळतो तेव्हा हे दोन तास कुठून आणायचे?

आठ तासांचा हिशोब आता मांडता येईल. पहिले अडीच तास सेट, तोवर वाद्यं आत आलेली. पुढचा दीड तास दिव्यांचा, प्रत्येक झोताखाली माणूस उभा करून. एक तास ध्वनीचा, पात्रं कपड्यांत आणि दागिन्यांत असताना. उरलेले तीन तास फक्त देवाणघेवाणीच्या जागांचे : तसबीर पडते ती जागा, कृत्तिका ती उचलते ती, फाल्गुनराव मागून बघतो ती, अश्विनशेटची नजर तिच्यावर जाते ती. सगळं नाटक म्हणायची गरज नाही. या चार जागा सभागृहातल्या चार टोकांना माणसं बसवून तपासायच्या : पहिल्या रांगेचं डावं टोक, पहिल्या रांगेचं उजवं टोक, बाल्कनीखालची शेवटची रांग, आणि बाल्कनीची मधली खुर्ची. चौघांनाही दिसलं आणि ऐकू आलं तर प्रयोग तयार.

एक विनंती वेळेबाबत. तसबीर पहिल्याच अंकात पडते. सत्कार, प्रास्ताविक आणि दीपप्रज्वलन यांमुळे तिसरी घंटा तासभर उशिरा होते, प्रेक्षक चहाला बाहेर गेलेले असतात, आणि परत येईपर्यंत तसबीर कृत्तिकेच्या हातात पोचलेली असते. पाहुण्यांचा मान राखायलाच हवा. तो नाटक संपल्यावर, सगळी पात्रं मंचावर असताना राखता येतो. पडदा वर गेल्यावर पहिली पंधरा मिनिटं दारं बंद ठेवायला तुमच्या दारावरच्या कर्मचाऱ्यांना सांगा. उशिरा आलेल्यांना बाल्कनीच्या जिन्याने वर पाठवता येईल.

शासकीय कार्यक्रमासाठी ठरलेली तारीख काढून घ्यावी लागते, हे आम्ही जाणतो. तसं झालं तर नवी तारीख देताना तालमीचं सत्रही तिच्यासोबत पुढे सरकवावं, ते रद्द झालं असं धरू नये.

शेवटी, आरक्षणाच्या अर्जासोबत प्रत्येक नाट्यगृहाने एक माहितीपत्रक द्यावं. त्यात मंचाची उंची, रुंदी आणि खोली. पडद्याच्या पाइपांची संख्या आणि प्रत्येकाचं मंचाच्या पुढच्या कडेपासून अंतर. चालू असलेल्या डिमरची संख्या. उपलब्ध फेज आणि प्रत्येकाची क्षमता. समोरचा खड्डा उघडतो की नाही. मागच्या वाटेची रुंदी. आणि पहिल्या रांगेचं मंचापासून अंतर. नांदेड, परभणी, लातूर, बीड, धाराशिव, जालना, हिंगोली किंवा छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही गावचं मंडळ हे पत्रक हातात घेऊन घरीच सेट कागदावर बसवू शकेल आणि आठ तासांतला एकही वाया जाणार नाही. मोजमापं घ्यायला आम्ही येऊ, त्यासाठी काही मानधन नको. मंच रिकामा असेल असा आठवड्यातला एक दिवस तेवढा कळवा.

आपले नम्र,
मराठवाड्यातील पडद्यामागची मंडळी
(नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, रंगभूषा आणि रंगमंच व्यवस्था)